एक लाख ब्याण्णव हजार

सातच्या आत जाऊ, रज्जाक म्हणाला,
गार इंजिनला खोटं बोलता येत नाही.
म्हणून विजापूर रोडला पोचल्यावर
मी आधी बॉनेटवर तळहात ठेवला.
गार होतं,
सोलापुरात मे महिन्यात जेवढं मिळतं तेवढं.

बिराजदार बनियनवरच बाहेर आले.
औषध कंपनीचे फिरते प्रतिनिधी, आता रिटायर.
लातूर, उमरगा, इंडी, अफजलपूर.
"गुंडेटी म्हणजे पूर्व भागातल्या का तुम्ही?"
मग मीटरकडे बोट : "हात लावलेला नाही.
एक लाख ब्याण्णव हजार.
सांगताना मलाच कसंतरी वाटतं."

परवा जुन्या पुणे नाक्यावर पाहिलेली
बासष्ट हजारांची होती म्हणे.
सीटला नवं कव्हर, डॅशबोर्डला पॉलिश,
क्लचच्या पायपट्टीचं रबर कोरं करकरीत
आणि स्टेअरिंग मात्र झिजून गोटीसारखं.
टॉवेल कारखान्यात सतरा वर्षं माझं हेच काम.
बोटं पुढं चालतात, डोळा मागून येतो.
उजेडाला धरलं की कळतं
कुठं धागा तुटला,
कुठं गाठ मारून वर इस्त्री फिरवलीय.
त्या गाडीत इस्त्री फार होती.

हिचं रबर पार गेलंय.
खालचा पत्रा चमकतोय
यांच्या डाव्या टाचेच्या मापाचा.

रज्जाक खाली शिरला, नुसत्या चपला बाहेर.
"लोअर आर्मचे बुश गेलेत, बाई.
मागचा शॉकअप रडतोय.
चेसिस मात्र सरळ हाय, आईशप्पथ."

चालू केली. एक खोकला,
मग निळसर धूर, रुमालाएवढा,
मग नाही.
रज्जाकनं ओठावर बोट ठेवलं,
तिघं ऐकत उभे राहिलो.
बापाच्या खोलीत चार मागांच्या खडखडाटात
एका धोट्याचा सूर बदललेला मला कळायचा.
इथं काही कळेना.
मी रज्जाकचं तोंड वाचत राहिले.

सोरेगावपर्यंत नेऊन आणली.
एसी फुंकर घालते, गार करत नाही.
गतिरोधकावर शेंग फुटल्यासारखा आवाज, दरवेळी एकच.
तिसरा गिअर जरा मानी आहे.

डिकीत मी आणलेलं बंडल ठेवून पाहिलं,
तीस-साठचे दोन डझन.
अशी नऊ बसतील. मागचं सीट पाडलं तर बावीस.
टेम्पोवाला तुळजापूरच्या लॉजपर्यंत
एका फेरीचे अठराशे घेतो,
वर माल उतरताना तंबाखू मळत उभा राहतो.

मग त्यांनी फाईल आणली.
प्रत्येक बिल, प्रत्येक तेल,
आणि एक वही : तारीख, गाव, किलोमीटर.
लातूर. इंडी. लातूर. उमरगा.
मग एका वर्षी बार्शी.
बार्शी, बार्शी, आठवड्यातून दोनदा बार्शी,
दिवाळीच्या दिवशी बार्शी.
नंतर एकवीस दिवस कोरे.
मग पुन्हा लातूर.

शेजारचं सीट मागं कललेलं होतं.
"ते अडकलंय," बिराजदार म्हणाले.
"दोन थेंब तेल सोडलं की..." रज्जाकनं सुरू केलं,
मी त्याच्या पायावर पाय दिला.

तरीही सतरा हजार कमी सांगितले.
बुश खरंच गेलेत,
आणि माझ्याकडचे पैसे भिशीचे आहेत.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला.
"पंधरा करा," म्हणाले. "रविवारी या,
कागद काढून ठेवतो."

परत येताना रिक्षात रज्जाकला विचारलं,
खरं सांग, अजून किती जाईल?
"सत्तर हजार कुठं गेले नाहीत.
तेल मात्र वेळेवर, भिशीसारखं."
तुळजापूर जाऊन-येऊन नव्वद.
सात रस्त्याच्या सिग्नलला बोटांवर हिशोब केला :
सातशे सत्त्याहत्तर फेऱ्या.
गाणगापूर अजून धरलेलंच नाही.