उघड आहे

मच्छिमार सहकारी संस्थेचं हे जुनं विश्रामगृह.
संस्था बुडाली, इमारत राहिली.
जाळी विणायच्या दालनात आता तीन फळे आहेत,
छताला आकडे तसेच, गंजलेले,
आणि दर मार्चात आठवडाभर
आम्ही चाळीसजण येतो इथे
खालच्या मर्यादा शिकायला:
एखादी गोष्ट किमान किती अवघड आहे, याचं शास्त्र.

बाहेर खाडी गोठलेली.
बर्फावरून गाडी हाकत पलीकडच्या बेटावर जातात गावातले लोक,
पट्टा न लावता. दार उघडायची वेळ आली तर म्हणून.

तिसऱ्या दिवशी हेल्दुर राउद्सिक सर
लेमा चारपाशी आले.
एकाहत्तर वर्षांचे, बाह्यांना खडू,
हा लेमा त्यांचाच, माझ्या जन्माआधीचा.
आणि लीलोनं हात वर केला.
पहिल्या वर्षाची पोर, लोकरीच्या मोज्यांत, चपलाही न घालता आलेली.
"दुसऱ्या ओळीतला के,
तो एनवर अवलंबून नाही ना?"

एवढंच.

सर फळ्याकडे वळले.
उभे राहिले.
हीटर टकटकला, कुणाची तरी खुर्ची करकरली.
"नोह," ते म्हणाले. आमच्याकडे या शब्दात सगळं बसतं.
पुसलं काहीच नाही त्यांनी.
लेमाच्या शेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं,
लहानसं, वहीत मास्तर काढतात तसं,
आणि म्हणाले, "कॉफी घेऊ."

कॉफीला पंचवीस मिनिटं होती.
स्वयंपाकघरातून वाइके ओरडली. तिच्या नावाचा अर्थ निवांत असा आहे.
"काय चाललंय? पाव अजून भट्टीत आहेत!"

रात्री सॉनात त्याचीच चर्चा.
रीगाचा इल्मार्स म्हणाला, बुजेल भगदाड.
ओइवा म्हणाला, नाही बुजणार,
आणि निखाऱ्यासारख्या दगडांवर डावभर पाणी ओतलं.
सगळे उघडे, लाल, घामेजलेले.
मीच काय तो टॉवेलात.

कारण मला नोव्हेंबरपासून ठाऊक होतं.

माझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं लेमा चारवर उभी आहेत.
त्या ओळीपाशी एका संध्याकाळी मी पाऊण तास बसलो होतो,
पेन्सिलीनं के भोवती गोल केला होता,
मग तो खोडला
आणि टाइप केलं: "हे उघड आहे."
किती सोयीचं वाक्य.
झाकायचं असलं की आम्ही हेच लिहितो.

सॉनातून निघालो तो थेट खाडीवर, केस गोठले.
सर तिथे होते, स्टुलावर, भोकात गळ टाकून,
शेजारी एक पर्च, ताठ झालेला.
मी सांगितलं.
एका दमात नाही. आधी थंडीबद्दल बोललो.

त्यांनी गळ थोडा वर घेतला, पुन्हा सोडला.
"नोव्हेंबर," ते म्हणाले.
"म्हणजे चार महिने.
आणि मी एकोणतीस वर्षं.
फरक इतकाच, काउपो, की मला झोप लागायची."

मग मासा धरायला सांगितला मला. तो जड होता.

सकाळी फळ्यावर प्रश्नचिन्ह तसंच होतं.
"लेमा" खोडून सरांनी वर "अटकळ" लिहिलं
आणि लीलोला विचारलं, स्पेलिंग बरोबर आहे ना?
कोणी हसलं, कोणी नाही.
त्यांनी एका छोट्या, लंगड्या विधानापासून
पुन्हा सुरुवात केली.

मी मागच्या बाकावर प्रबंध उघडला.
शोधलं: "उघड आहे."
अकरा ठिकाणी सापडलं.
जेवणापर्यंत सहा पाहून झाली,
दोन खरी, तीन आळशी, एक ती.
सातव्यापाशी थांबलो.
हे मात्र खरंच उघड होतं,
शेंबड्या पोरालाही दिसेल असं.

तरी लिहून काढलं.
दीड पान लागलं.