दोनशे त्र्याऐंशी

रुस्ताविला त्या हिवाळ्यात वीज यायची
पाहुण्यासारखी, न कळवता,
आणि बूटसुद्धा न काढता निघून जायची.
शाळेतले रेडिएटर गोठून फुटलेले.
वर्गात येताना प्रत्येकाने एक लाकूड आणायचं, हा नियम.
वही विसरली तर चालायचं.

त्सिआला मास दारात उभ्या राहून
लाकूड हातात तोलून बघायच्या.
माल्खाझने स्वयंपाकघराच्या जमिनीतली पट्टी उखडून आणलेली,
खिळ्यासकट.
बेसोने म्त्क्वारीच्या काठची फांदी, ओलीचिंब.
"हिचं पाणी उडवण्यातच निम्मा जाळ जाईल,
तेवढा वजा कर," मास म्हणायच्या,
"नेहमीच विसरतोस."
बेसो हसायचा. तो विसरायचाच.
समीकरण उलटं मांडायचा, बाणाचं तोंड फिरवायचा,
चिन्ह मात्र होतं तिथेच.
त्याच्या वहीभर मासांची लाल शाई: चिन्ह? चिन्ह? चिन्ह?

त्या शुक्रवारी फळ्यावर कोळसा होता.
पूर्ण जळला तर वजा तीनशे त्र्याण्णव पूर्णांक पाच.
"आणि अर्धवट जळला तर?
ते थेट मोजता येत नाही, पोरांनो.
कोळशाला अर्ध्यावर थांब म्हटलं
तर तो नेमका तिथेच थोडाच थांबतो?"
म्हणून वळसा.
अर्धवट झालेला वायू घ्या, तो जाळा:
वजा दोनशे त्र्याऐंशी.
ही ओळ उलटी करा, चिन्ह उलटं करा (बेसो, ऐकतोयस?),
दोन्हीकडचं सारखं ते खोडा, बेरीज करा.
उरले वजा एकशे दहा पूर्णांक पाच.
"कुठल्याही वाटेने या.
निघालात तिथून निघालात, पोचलात तिथे पोचलात,
तर हिशेब एकच."

ग्वांत्साने हातमोज्यातला हात वर केला:
मग ते दोनशे त्र्याऐंशी गेले कुठे?
"जातात कुठे? त्या वायूतच आहेत.
जळायचे राहिलेत.
रंग नाही, वास नाही. बसून आहेत नुसते."
आम्ही हातावर फुंकर मारत उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

शनिवारी रात्री पारा उणे नऊवर.
बेसोच्या घरी पत्र्याची शेगडी,
पावसाच्या पन्हाळीचं धुराडं खिडकीतून बाहेर काढलेलं.
त्याच्या वडिलांनी धुराड्याच्या तोंडात जुना स्वेटर कोंबला.
माणूस अडाणी नव्हता,
खताच्या कारखान्यात बावीस वर्षं फोरमन.
ऊब बाहेर जाते हे त्याला
स्वतःच्या तळहातावर कळत होतं.
आत काय राहतं ते कळायला
तळहातावर काहीच नव्हतं.

सोमवारी कोपऱ्यातली लाकडं कुणी मोजली नाहीत.
एक कमी होतं.

फळा तसाच, शुक्रवारचा.
"ताळा करून बघू," मास म्हणाल्या,
आणि पहिली ओळ पुन्हा गिरवली.
दुसऱ्या ओळीवर खडू टेकला
आणि टेकलेलाच राहिला.
मागच्या बाकावरून माल्खाझ म्हणाला,
जरा मोठ्यानेच,
"वाटेने फरक पडत नाही म्हणाला होतात, मास."
शेगडीत त्याच्याच घरची जमीन तडतडत होती.
"उष्णतेला," मास म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळाने, फळ्याकडेच बघत:
"मी उष्णतेबद्दल बोलत होते."

मी आता त्बिलिसीत बॉयलर दुरुस्त करतो.
लोकांच्या धुराड्यांत हात घालतो,
चिमणीची घरटी काढतो, चिंध्या काढतो,
एकदा एक आख्खी उशी काढली.
घरमालक चिडतात: एवढी थंडी, आणि तू भोक मोकळं करतोस?

घरी, जानेवारीतसुद्धा,
निजायच्या खोलीची खिडकी मी बोटभर उघडी ठेवतो.
लामारा म्हणते, सगळी ऊब जाते रे बाहेर.
जाते.
किती जाते तेही काढून ठेवलंय मी,
बिलाच्या पाठीमागे, पेन्सिलीने,
चिन्हासकट.