विषय चौथा: इतर

फेब्रुवारीचा दुसरा गुरुवार, उणे सव्वीस.
थंडर बेच्या वाचनालयाची तळघरातली खोली,
जिथे सोमवारी गोधड्या शिवणाऱ्या बायका बसतात
आणि गुरुवारी त्यांच्या टाचण्या आमच्या बुटांत रुततात.
सुरक्षा व्यावसायिकांची स्थानिक शाखा:
कागदावर चौतीस, खुर्च्यांवर सात.
शाखा म्हणजे फांदीच. झाड दूर कुठेतरी.
वर्गणी तिकडे जाते,
वर्षातून एकदा तिकडून कॅलेंडर येतं.

मी चिटणीस. माझ्याकडे वही,
आणि कॉफीच्या कपाटाची किल्ली.

डार्लीन वाबॅसी रुग्णालयाची रात्र सांभाळते.
ऑर्नेला बँकेत; चोराला सुचायच्या आत
तिला सुचावं लागतं, त्याचाच पगार घेते.
लेलंड कसिनोच्या कॅमेऱ्यांमागे असतो,
म्हणून तुमच्याशी बोलतानाही हातांकडे बघतो.
आणि रेयो मुस्टोनेन. धान्याच्या कोठारांवर
एकतीस वर्षं, डोळ्यांत तेल घालून.
सरोवर गोठतं, जहाजं थांबतात,
तेव्हाही त्याची फेरी चुकली नाही.
एवढा गहू चोरून नेणार कोण, विचारलं की म्हणायचा,
चोर एवढा नेत नाही. चोर थोडाच नेतो.

विषय पहिला: मागच्या सभेचं इतिवृत्त. मंजूर.
विषय दुसरा: अध्यक्षपद. सगळ्यांनी
आपापल्या बुटांतल्या टाचण्या शोधल्या.
डार्लीन पुन्हा अध्यक्ष.
विषय तिसरा: किल्लीवाचून कुलूप उघडण्याचा सराव.
ऑर्नेला, चाळीस सेकंद.
मी, चौदा मिनिटं, आणि उघडलं तेव्हा
कुणी बघत नव्हतं.

विषय चौथा: इतर.
एरवी इथे आम्ही कोट चढवतो.

रेयो उभा राहिला, टोपी हातात.
मंगळवारी दुपारी फोन आला, म्हणाला.
आजोबा, मीच. ओळखलं नाही?
गाडी ठोकली, कोठडीत आहे, आईला सांगू नका.
रडत होता. आणि वेसा लहानपणी
असाच रडायचा, श्वास आत ओढत.
बँकेत गेलो. नऊ हजार. मोजून.
दाराशी एकजण आला, त्याच्या हातात दिले.
पावती मागितली मी त्याच्याकडे.
त्याने दिली.

खिशातून काढून ती त्याने टेबलावर ठेवली,
सरावाच्या कुलपांशेजारी.

ऑर्नेलाला आकडे पाठ असतात,
या महिन्यात किती, या प्रांतात किती.
ती काही बोलली नाही.
लेलंडने पहिल्यांदाच चेहऱ्याकडे पाहिलं
आणि लगेच मान खाली घातली.

एकतीस वर्षांत एक फाटक उघडं राहिलं नाही,
रेयो म्हणाला. आणि नातू म्हटल्यावर
मीच आतून कडी काढली.

डार्लीनने कॉफी पुढे सरकवली.
येत्या बुधवारी वृद्धाश्रमात बोलायचंय,
फोनवरच्या फसवणुकीबद्दल. मी बोलणार होते.
तू बोल.
मी काय सांगू?
पावती दाखव.

बाहेर पडताना दार मीच ओढलं.
मग डार्लीनने मूठ खेचून पाहिली,
मग लेलंडने, मग हातमोजा काढून ऑर्नेलाने.
सातजण, उणे सव्वीस, एक दार.
शेवटी रेयोने हात लावला.
लागलंय, म्हणाला.
तेव्हा कुठे आम्ही गाड्यांकडे निघालो.

वहीत मी एवढंच लिहिलं:
इतर विषयांवर चर्चा झाली.

बुधवारी चाळीस खुर्च्या, चाळीसही भरलेल्या.
तो अर्धं फिनिशमध्ये बोलला, अर्धं इंग्रजीत,
आणि दोन्हींत वेसाच्या नावापाशी अडखळला.
मग त्याने तो कागद वर धरला.

दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने चष्मा लावला.
काढला, पुसला, पुन्हा लावला.
पर्स उघडली. औषधाची चिठ्ठी, रुमाल,
चर्चचं पत्रक, आणि सगळ्यांत खाली
चौघडी घातलेला एक कागद.
तिने मुलालाही दाखवला नव्हता तो.

तेच अक्षर.
तोच लांब शेपटीचा नऊ.