कान

सेमोन्काँगच्या शर्यतीत
छातीला कॅमेरा बांधून त्सेलिसोनं घोडी पळवली.
दुकानात आलं ते नुसतं गदागदा :
आभाळ खाली, माती वर,
मधेच ब्लँकेटची एक दशी.

रात्रभर बसलो. जनरेटर खोकत होता.
एकेक धक्का पुसला,
दोन चौकटींमधली न घडलेली चौकट
यंत्राकडून भरून घेतली,
डचमळणाऱ्या कडा कापल्या बोटभर.
पहाटे घोडी धावत नव्हतीच,
कललेल्या ताटातलं तूप जसं
सरकत होती उतारावरून.

मी खूश.

त्सेलिसोनं पाहिलं. मागे नेऊन पुन्हा पाहिलं.
म्हणाला, न्ताते, हिचे कान कुठे गेले?

खरंच की. कडेबरोबर गेले.

मागून काळा घोडा आला ना,
तेव्हा आधी हिचा डावा कान वळला,
मग मला कळलं.
तेवढं राहू दे.
बघणाऱ्याची हाडं खिळखिळी झाली तरी होऊ देत.

ती अकरा सेकंदं परत होती तशी लावली.
पैसे मात्र पूर्ण कामाचे घेतले.

आता नवं गिऱ्हाईक आलं
की तीच फीत दाखवतो.
सगळं लोण्यासारखं,
आणि मधेच
पडद्याच्या तळाशी
एक कान, मागे वळलेला,
थरथरतो.