हातचा एक

डुलूथला उन्हाळा येतो तो सरोवराला विचारून.
जुलैतसुद्धा सातच्या सुमाराला धुकं
भिंतीवरून मैदानात उतरतं, तिकीट न काढता,
आधी टायरच्या जाहिरातीची पाटी पुसतं,
मग सेंटर फील्डमधला माणूस.

तो माणूस म्हणजे कात्सुमी हिराबायाशी.
वय चौतीस. आमच्या वहीत त्याचा आकडा आठ,
पाठीवरचा नव्हे, जागेचा.
पाठीवर एकसष्ट होता.
हे मला त्रेसष्टाव्या वर्षी शिकावं लागलं,
सांगलीत तीस वर्षं त्रैराशिक शिकवून,
क्लबांच्या क्रिकेटची धावपुस्तकं भरून,
लेकीकडे राहायला आल्यावर.
गुणलेखक मिळत नव्हता त्यांना.
सामन्यामागे चाळीस डॉलर आणि एक हॉट डॉग.
मी नुसता पाव खायचो, मोहरी लावून.

त्याचं सगळं कागदावर होतं.
हाचिनोहे, मासळीचं बंदर. अठराव्या वर्षी निवड, सहाव्या फेरीत.
अकरा हंगाम तिकडे, त्यातले सात दुय्यम संघात.
मुख्य संघात दोनशे बारा सामने,
बहुतेक आठव्या डावानंतर,
दुसऱ्या कुणाचे पाय दमले म्हणून.
होमरन एक. तोही चेंडू भिंतीला लागून
भलतीकडे उडाला आणि हा धावत सुटला म्हणून.
मग करार संपला. मग ॲरिझोनात चाचणी,
मग गुडघा, मग आम्ही.

बॅट हातात आली की पाहुण्यासारखा अवघडायचा.
पण चेंडू हवेत गेला की
आपण मान वळवेपर्यंत हा तिथे उभा,
बसथांब्यावर उभं राहावं तसा.
आवाजावरून निघायचा तो, नजरेवरून नाही.
सूर मारलेला मी एकदाही पाहिला नाही.
ऑगस्ट सरत आला
तरी चुकांच्या रकान्यात शून्य,
आणि मी ते रोज रात्री घरी येऊन
पुन्हा गिरवायचो. उगाच.

त्या रात्री सातवा डाव. दोघं बेसवर.
चेंडू वर गेला आणि वरच राहिला.
नऊशे माणसं वर बघतायत, वर काहीच नाही.
खाली अर्धवट पुसलेला हिराबायाशी
डावीकडे सहा पावलं गेला,
थांबला. दोन पावलं मागे.
हात उचलला.
आणि थप्प.
त्याच्या पाठीमागे, दीड हातावर, ओल्या गवतात.

दोन धावा गेल्या. हरलो.
नियम साफ आहे. ज्याला हात लागला नाही,
जो दिसलाच नाही, तो चेंडू हिट.
मी हिट लिहिलं आणि बसने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पाचला लाकडी जिन्यावर पावलं.
टोपी काढून दारात उभा.
स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, 'एरर.'
मी म्हटलं, अहो, धुकं होतं.
तो मान हलवत कानाला बोट लावतो,
मग दोन तळव्यांत दीड हात मोजून दाखवतो.
ऐकलं होतं, मोडक्या इंग्रजीत म्हणाला,
कमी पडलो.

अर्धा मार्क वाढवा म्हणून
तीस वर्षं पोरं टेबलाशी आली.
कापा म्हणून आलेला हा पहिला.
चोवीस तासांत बदल करता येतो.
वीस झाले होते.
मी खोडरबर काढला, लिहिलं, वही त्याच्याकडे फिरवली.
तो वाकला.
मला नाही, वहीला.

सप्टेंबरात लीगच्या कचेरीचं पत्र आलं.
निर्णय रद्द. नियमानुसार हिट.
तोवर तो निघून गेला होता, कुठे ते
क्लबातही कुणाला धड ठाऊक नाही.
'चौऱ्याण्णव सामने, चुका शून्य' अशी पितळी पाटी
त्याच्यासाठी बनवून घेतली,
ती बल्बांच्या कपाटात पडून आहे.

हातचा बारीक अक्षरात वर लिहावा,
उत्तर आलं की खोडावा,
असं मीच सांगायचो वर्गावर, खडू आपटून.
ऑगस्टच्या त्या पानावर
पेन्सिलीतला एक आहे अजून.