आज जाडी शून्य

एकतीस हिवाळे मी धक्क्यावरच्या फळ्यावर
फक्त आकडे लिहिले.
बर्फाची जाडी चोवीस सेंटिमीटर.
गाडी अडीच टनांपर्यंत. वाटेत थांबू नये.
पट्टे सोडून बसावे,
म्हणजे बर्फ फुटलाच तर बाहेर पडता येतं.
खाली सही: आदो.
यापलीकडे माणसानं माणसाला
सांगायचं तरी काय असतं?

विर्वेला हे पटायचं नाही.
ती माझ्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात
दर सोमवारी एक कागद टाचायची,
वहीचा, रेघांचा, धुरकट वासाचा.
'काल रात्री तीनला जाग आली.
चुलीत लाकूड सारलं, आणि उगाचच
लहानपणीच्या सायकलची घंटा आठवली.'
बस. एवढंच.
सायकलचं पुढे काय झालं, तेही नाही.

मी म्हणालो, विर्वे, हे चव्हाट्यावर कशाला?
झाकली मूठ सव्वा लाखाची.
तुझी झोप मोडली, त्यात बेटाचं काय गेलं?
ती म्हणाली, बेटाला विचार.
मी कागद काढायचो, ती पुन्हा लावायची.
टाचण्या माझ्याच डबीतल्या.

फेरीबोटीचा कप्तान रेइन
चष्मा कपाळावर सरकवून तो कागद वाचायचा.
मी पाहिलं न पाहिलंसं करायचो.

मग असे हिवाळे आले, की समुद्र गोठेचना.
पहिल्या वर्षी रोज पहाटे गिरमिट खांद्यावर टाकून गेलो.
भोक पाडायला काही नव्हतं.
पाणी, पाण्यावर बदकं,
आणि बदकांसमोर गिरमिट घेतलेला मी.
दुसऱ्या वर्षी तालिनच्या कचेरीतून पत्र आलं:
फळा काढून ठेवला तरी चालेल.
नाही काढला. हट्ट म्हणा.
उजवीकडे काळंभोर लाकूड,
डावीकडे विर्वेची रात्रीची चूल.
लोक तरीही थांबायचे.
काळ्या लाकडापाशी नव्हे.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी खडू उचलला.
लिहिलं: आज जाडी शून्य.
इथे हात थांबायला हवा होता.
'गिरमिटाला तेल दिलं. कशासाठी, कोण जाणे.
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, ऐन मध्यावर,
जिथून दोन्ही किनारे सारखेच पुसट दिसतात,
लेइदानं गाडी थांबवायला लावली.
थांबू नये, हा नियम मीच लिहिलेला.
उतरली, टोपी काढली, बर्फाला कान लावला,
म्हणाली, खालच्या घरात कुणीतरी
कपाट सरकवतंय.'
खाली सही. सवयीनं.

मग मात्र कानशिलं तापली.
बाहीनं पुसायला वळलो, तर मागे
शाळेला निघालेली केर्तु, दप्तर अर्धं उघडं.
म्हणाली, थांबा ना आजोबा,
माझं अजून 'टोपी'पर्यंतच आलंय.

थांबलो.
पोरगी ओठ हलवत वाचत होती.
लेइदा जाऊन नऊ वर्षं झाली,
आणि तिचं ते कपाट
एका दहा वर्षांच्या तोंडात
हळूहळू सरकत होतं.

संध्याकाळी रेइननं दोर सोडता सोडता म्हटलं,
मीही ऐकलंय ते. माझ्या कानांचाच दोष समजत होतो.
आणि बोट घेऊन गेला.

आता उगाच मोठं काही बोलत नाही.
अजूनही मला वाटतं, बरंचसं पोटातच ठेवावं.
विर्वेच्या कोंबडीच्या पायाचं दुखणं
तीन सोमवार चाललं, ते जास्तच झालं.
पण मुठीत सव्वा लाख कधी नव्हतेच.
उघडली तेव्हा निघाला
घामानं मऊ झालेला खडूचा तुकडा.

सोमवारी विर्वे आली. सगळं वाचलं.
चकार शब्द काढला नाही.
आपला कागद चार बोटं डावीकडे घेतला,
मला जागा करून.
मीच डबी पुढे केली,
आणि इतक्या वर्षांनी विचारलं,
त्या सायकलचं पुढे काय झालं?

टाचणी दातांत धरून ती म्हणाली,
लिहीन की.