जप्त माल, एकोणीस किलो

मानवतच्या आठवडी बाजारात
आमचं पथक आलं की आधी कुत्री ओळखतात,
मग माणसं.
मी मागून चालतो, पावतीपुस्तक घेऊन.
पहिल्या वेळेला पाच हजार, असं छापलेलं आहे.
मुंजाजीचं दोन्ही मडक्यांतलं दही विकलं
तरी नऊशे होत नाहीत.

"सायेब, दही काय कागदात बांधू?"
साहेब फोनवर असतात.
मी लिहितो: पारदर्शक पिशव्या, पाव किलो.
मुंजाजी मडक्याची कड अंगठ्यानं पुसत राहतो.

गयाबाईनं पालकाच्या जुड्यांखाली दडवल्या होत्या.
त्या काढताना पालक विस्कटला.
तो पुन्हा रचायला तिला किती वेळ लागला
यासाठी पंचनाम्यात रकाना नाही.

दोन सालामागं गुरांच्या दवाखान्यात
डॉक्टर इनायत यांनी मेलेल्या गाईचं पोट उघडलं.
मी पंच म्हणून उभा.
तीन घमेली निघालं.
एका पिशवीवर आमच्याच गल्लीतल्या दुकानाचं नाव
वाचता येत होतं, फोन नंबरासकट.
त्या दिवसापासून या ड्युटीला
मी कधी नाही म्हटलं नाही.
तर बंदी बरोबर आहे.
हे आधीच नोंदवून ठेवतो.

पण आमचा प्लॉट जिनिंगच्या मागं.
नाकात कापूस जाऊन जाऊन मी वाढलो.
एका पिशवीपुरतं कापड व्हायला
शेत किती पाणी पितं, किती पंप औषध,
ते मला कुणी शिकवायला नको.
मेव्हणा फवारता फवारता बांधावर बसला
तर तीन दिवस त्याला उजेड सोसेना.
आणि आमच्या नळाला नवव्या दिवशी पाणी.

प्रशिक्षणाला आलेल्या मॅडम म्हणाल्या,
कापडी पिशवी शेकडो वेळा वापरली
तरच हिशेब बसतो.
मागच्या बाकावरून कुणीतरी:
"मॅडम, लग्नात वाटलेल्याच चाळीस हायेत घरात,
घडी मोडली नाही."
हशा झाला.
जाताना प्रत्येकाला एक पिशवी मिळाली,
स्वच्छ शहर, सुंदर शहर.
माझ्याकडची ती अकरावी.

दुकानदारानं आता जाड आणल्यात.
हाताला कापड लागतं,
काडी लावली की वितळून ठिबकतात.
कागदीचं तर बोलायलाच नको,
ओली मेथी टाकली की बूड सुटतं,
आणि भर रस्त्यात माणूस
लिंबांच्या मागं पळतं.

खरं सांगायचं तर
बायको दुधाच्या पिशव्या उलट्या करून धुते,
दोरीवर चिमट्यानं लावते.
वाऱ्यावर त्या फुगतात.
एकेक पिशवी दोन-दोन महिने जाते,
शेंगा, कढीपत्ता, माहेरच्या मिरच्या.
धुवायला पाणी लागतंच म्हणा, नवव्या दिवसाचं.
माझी भाकरीही तिच्यातच असते.
पथकाच्या गाडीत बसताना
मी डबा सीटखाली सरकवतो.

जप्त माल गोदामात पडून आहे.
जालन्याचा कारखानेवाला म्हणतो,
एवढ्याशासाठी गाडी परवडत नाही,
टनभर झाला की कळवा.
वजन केलं तेव्हा एकोणीस भरलं होतं.

परवा रात्री अवकाळी झाला, गारांसकट.
सकाळी कुलूप काढलं तर
पत्र्याला चाळणीसारखी भोकं,
आणि खाली जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं
कोरडीठाक.
दगडू शिपायानं रात्रीतून येऊन
जप्तीतल्या मोठ्या पिशव्या फाडून
गठ्ठ्यांवर अंथरल्या होत्या,
वर विटा ठेवल्या होत्या.

"चुकलं का, साहेब?" तो म्हणाला.
माझ्या आजोबांचं नाव त्यातल्याच कुठल्यातरी पानावर आहे,
मोडीवळणाच्या अक्षरात, पटकीच्या सालचं.

मी काटा लावला.
साडेसतरा.
वहीत एकोणीसच लिहिलं
आणि खाली सही केली.